पाच निकष, पण बटण दाबायला वेळ नाही

कडबाकुट्टी, घराची दारं, ज्यावर हे लिहितोय तो जुन्या सुट्या भागांचा कॉम्प्युटर: सगळं माझ्या हातचं. शिक्षण दहावी नापास.

आज शिरूरला मुलीच्या शाळेत गेलो. आता विज्ञानाच्या मॉडेलांना गुणांऐवजी पाच निकषांवर श्रेणी देतात, म्हणून खूश होतो. माझ्या सारिकानं स्वतः केलेल्या, धान्य उफणायच्या यंत्राला ‘क’. शेजारी मांडलेल्या दुसऱ्या मुलीच्या विकतच्या थर्माकोल ज्वालामुखीला ‘अ’.

“बाई, बटण दाबून चालवून बघितलंत?”

“आप्पा, साठ पोरं हायेत, कवा बघू? आन् रंग कुठं दिलाय?”

मला नापास करताना निदान कुणीतरी पेपर वाचला होता. तुमच्याकडेही असंच आहे का?

फाटकात ज्वालामुखीवाल्या मुलीचे वडील म्हणाले, “पुढच्या साली आमच्या पोरीचं मॉडेल तुम्हीच करा. पाचशे देतो.”

सारिका ऐकत होती. पाचशे रुपये सोडले, नाही म्हणालो.