उसनी घेतलेली जोडी

नवी पेठेतल्या टेलिफोनच्या लाइनी मी बरीच वर्षं सांभाळल्या. लोकांना वाटतं इंटरनेट हवेतून येतं. आमच्याकडे ते तांब्याच्या दोन तारांवरून यायचं. त्या दोन तारांना आम्ही जोडी म्हणायचो. बोलणं तिच्यावरूनच जायचं आणि ब्रॉडबँडही. घरात स्प्लिटर नावाची छोटी डबी दोन्ही वेगळं करायची. जोडी गेली की दोन्ही गेलं.

जमिनीखालची केबल जुनी, पाणी मुरलेली. धड जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या. नवं गिऱ्हाईक आलं आणि जोडी नसली की आमची एक पद्धत होती. ज्याची कधी तक्रार येत नाही त्याची जोडी काढायची आणि नव्याला द्यायची. पुढचं पुढं बघू, म्हणायचं. साहेबांनाही ठाऊक होतं, पण तेही डोळ्यांवर कातडं ओढून बसायचे.

तशीच मी एका बाईंची जोडी काढून कापडाच्या दुकानाला दिली. बाई बालवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. मुलगा भांडून हैदराबादला गेलेला. मोबाइल त्यांनी घेतलाच नाही. मुलगा रविवारी सकाळी लँडलाइनवर फोन करायचा, मायलेकांत तेवढंच उरलं होतं. हे मला नंतर कळलं, असं म्हणायची सोय नाही. दुरुस्तीला गेलो की चहा देताना त्या हेच सांगायच्या.

महिन्याभरानं त्यांनी मला चौकात गाठलं.

"अहो, लेकाचा फोन येईना. रिसिव्हर उचलला तर आवाजच नाही."

"आता समदं डिजिटल झालंय बाई," मी म्हणालो. "उचलल्यावर टोन येत न्हाय आता. त्यानं लावला की वाजंल की."

डिजिटल म्हटल्यावर माणूस पुढं विचारत नाही, हा माझा अनुभव. त्यांनीही विचारलं नाही. वाटलं, आठवड्यात दुसरी जोडी मिळेल, झाकली मूठ राहील. मिळाली नाही. खरं तर मी शोधलीच नाही.

उन्हाळ्यात बाई गेल्या. दहाव्यानंतर मुलानं कनेक्शन बंद करायला मला बोलावलं.

"मी दर रविवारी लावत होतो," तो म्हणाला. "रिंग जायची, पण आई उचलायची नाही. मला वाटलं, अजून राग धरून बसलीय."

फोन करणाऱ्याला ऐकू येते ती रिंग एक्स्चेंज देतं. इकडं तार तुटलेली असली, घरातला फोन मुका असला, तरी त्याच्या कानात ती वाजत राहते. या कामात पहिल्या दिवशी शिकतो ती गोष्ट. ती त्याला सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मला भीती वाटली, आणि त्या भीतीची आजही शरम वाटते.

"कान गेले होते त्यांचे," मी म्हणालो.

तो खाली बसून रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "बरं झालं तुम्ही सांगितलंत." मी फोन पिशवीत घातला आणि कागदावर त्याची सही घेतली.