टाकीवाल्याने पाडलेली भोकं

आमच्या भाऊजींनी बनवलेली टाकी गळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोखंडी पत्रा कापायचा, वेल्डिंग करायचं, पाणी भरायचं आणि समोर स्टूल टाकून बघत बसायचं. कुठे नुसता ओलावा दिसला तरी सगळं काम पहिल्यापासून! अशा माणसाने मला परवा दारातच गाठलं. "मेहुणीबाई, रविवारी स्वयंपाक मी करणार. तुझी ताई नुसती बसून जेवणार."

मला हसू आवरेना. चहाला आधण ठेवून पातेलं जाळणारा हा माणूस! पण लगेच ताई डोळ्यांपुढे आली. ताईचा जन्म कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेला. तिथे शेकड्यांनी माणसं जेवू घालायची, घरी येऊन पुन्हा आमची पानं मांडायची. गेल्या आठवड्यात ती निवृत्त झाली, तर निरोपाचं जेवणसुद्धा बाईंनीच रांधलं! आयतं गरम ताट तिच्यापुढे कधी आलंच नव्हतं. भाऊजींना ते एकदा आणायचं होतं.

रविवारी बघते तर अंगणात भाऊजींनी स्वतः पत्र्याची बनवलेली काळीकुळकुळीत भट्टी उभी. खाली कोळसा, मध्ये जाळी, वर झाकण, बाजूला उष्णतेचा काटा. भाऊजींनी डुकराच्या पाठीचा बिनहाडाचा लांबलचक तुकडा पुस्तकासारखा उघडला, बडवून सपाट केला. त्यावर पालक, लसूण, अक्रोड, जर्दाळू पसरून गुंडाळी केली आणि दोऱ्याने बांधली. गाठींमधलं अंतर पट्टीने मोजलं हो! ताई खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"मीठ घातलंत?"

"घातलं."

"आतूनसुद्धा?"

"मेहुणीबाई, तुझ्या बहिणीला आवर!"

गुंडाळी जाळीवर गेली, झाकण बसलं. "बघ, धुराची एक रेघ तरी बाहेर येतेय का!" भाऊजींची छाती फुगली. खरंच येत नव्हती. थोड्या वेळाने काटा घसरायला लागला. झाकण काढलं तर कोळसे विझलेले. पुन्हा पेटवले, पुन्हा विझले. भाऊजींचा चेहरा पार उतरला.

ताई उठली, पदर खोचला. "राहू द्या हो. द्या इकडे, मी करते."

झालं! एवढा घाट घातला आणि ताई पुन्हा चुलीपुढे? माझं डोकंच फिरलं. "अहो भाऊजी, कोळशाला वारा नको? ही भट्टी आहे, टाकी नव्हे! पाडा भोकं!"

"भोकं? माझ्या कामाला?" त्यांनी असं बघितलं, जणू मी त्यांच्या लेकराचे कान कापायला सांगितले. एकदा भट्टीकडे पाहिलं, एकदा ताईच्या खोचलेल्या पदराकडे. मग तरातरा आत गेले आणि ड्रिल घेऊन आले. गुंडाळी बाजूला ठेवली. "तू बस गं खाली!" ताईवर ओरडले आणि डोळे बारीक करून पत्र्यात ड्रिल घुसवलं. खाली भोकं, वर झाकणाला भोकं. मग कोळसे पुन्हा पेटवले.

काय सांगू! निखारे असे फुलले की मी टाळ्याच पिटल्या. काटा चढला, वरून निळसर धूर निघाला. मांसाचा, लसणाचा वास सुटला तशी शेजारीण कुंपणावरून डोकावली. दुपार कलली तेव्हा गुंडाळी उतरवली, जरा निवू दिली, कापली. प्रत्येक कापात हिरवी गोल गोल वेटोळी! भाऊजी तर नाचायचेच बाकी होते.

पहिलं ताट ताईला. ती खात होती आणि भाऊजी समोर स्टूल टाकून, पाणी भरलेल्या टाकीकडे बघावं तसे, तिच्या तोंडाकडे बघत होते.  

ताट रिकामं झालं. "अजून वाढू?" हे ताईच्या तोंडून मी जन्मभर ऐकत आलेय. आज तिने ताट पुढे केलं, जरा लाजलीच, आणि म्हणाली, "अजून वाढा."