गरम इंजिन

निम्म्या शेंगा मोडून झाल्या, तेव्हा टेकडीवरची घरघर थांबली. वर्डीन पाटी ठेवून वर गेली. सिडारच्या झाडांच्या गचपणात तिचा नवरा डेलबर्ट नुकत्याच घेतलेल्या जुन्या स्किड स्टियरवर, झाडं उपटायच्या यंत्रावर, मान खाली घालून बसला होता.

"मेलं हे. सुरूच होत नाही."

"विकत घ्यायच्या आधी बघायला गेलास तेव्हा इंजिनाला हात लावला होतास?"

"गरम होतं."

विकणारा इंजिन आधीच तापवून खोड लपवतो, म्हणून जुनं यंत्र गार असतानाच सुरू करून बघायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"मग बोलला का नाहीस?"

"विकणारा आपल्या चर्चचा डीकन, देवाचा सेवेकरी. तुझ्या आईला खांदा दिला त्यानं. त्याला काय म्हणू, उद्या गार इंजिनावर येतो?"

"अरे, विश्वास देवावर ठेवायचा. इंजिनावर कसला?"

तो हसला नाही. टेकडी साफ झाली, तरच शनिवारी लेकीचं, ट्विलाचं, चाकांवरचं घर इथे येणार होतं. नाहीतर ती नातवंडांना घेऊन दूर टल्सा शहरात राहायला जाणार होती. दुसरं यंत्र आणायची ऐपत उरली नव्हती.

वर्डीनने डोळे मिटले. प्रार्थनेचा एक शब्द फुटेना. मग घर आणू नकोस, असं ट्विलाला फोनवर सांगायला ती खाली निघाली.