बाटलीवरचं माझं अक्षर

धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी लॅबची प्रमुख आहे. पेणहून गाडीने रोह्याला यायचं, तिथून रिक्षाने कंपनीत. लॅबमध्ये आम्ही सात जण. त्यात वयाने सगळ्यात मोठे होते ते आमचे चाचा. रोह्याजवळच्या गावचे, तरुणपणी काही वर्षं आखातात काढून परत आलेले. मी ट्रेनी म्हणून लागले तेव्हा ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण कसं सोडायचं, रंग बदलताच हात कसा थांबवायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. "घाई नको करू गो, रंग आपसूक येतो," म्हणायचे. पुढे मी त्यांची साहेब झाले आणि ते मला 'मॅडम' म्हणू लागले. ते मला आवडलं, हेही सांगून टाकते.

एकदा आमचा माल पार्टीकडून परत आला. आम्ही पास केलेल्या ड्रममध्ये आम्ल जास्त निघालं होतं. मी रजिस्टर काढलं. तपासणी चाचांनी केलेली, सही त्यांची, आकडेमोड बरोबर. मग ज्या द्रावणाने तपासणी झाली त्याची बाटली कपाटातून काढली. लेबलवर द्रावणाची ताकद खरी होती त्यापेक्षा कमी लिहिली होती, म्हणून आकडेमोडीत आम्ल कमी दिसलं होतं. अक्षर माझं होतं. संध्याकाळची गाडी पकडायच्या घाईत मी बाटली भरली होती आणि पुन्हा न बघता लेबल चिकटवलं होतं.

लॅबमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं. मी बाटली नळाखाली धरली, नखाने लेबल खरवडून काढलं आणि ती धुवायच्या भांड्यांत ठेवून दिली.

दुपारी मॅनेजरसाहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "ही तपासणी कोणी केली?"

मी म्हटलं, "चाचांनी."

वाक्य खरं होतं. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून गेलं.

चाचांना मेमो मिळाला. त्यांनी तो माझ्यासमोरच वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवसापासून लॅबमधली मुलं त्यांचा प्रत्येक निकाल पुन्हा तपासू लागली. आठवडाभरात साहेबांच्या सांगण्यावरून मी त्यांना तपासणीच्या टेबलावरून काढलं आणि काचसामान धुवायला, नमुने गोळा करायला लावलं. ज्यांनी मला थेंब मोजायला शिकवलं, ते सिंकपाशी उभे राहून माझी भांडी धूत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत असे.

चारेक महिने असेच गेले. मग कंपनीने नव्या ट्रेनींसाठी कार्यक्रम ठेवला आणि पुढारपणावर बोलायला मला उभं केलं. मी छान बोलले. "चूक झाली तर माणसांच्या पुढे उभं राहायचं, मागे नाही," असं म्हटलं आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असताना माझं लक्ष शेवटच्या रांगेत गेलं. चाचाही टाळ्या वाजवत होते. नेहमीसारखे, शांतपणे. माझी कानशिलं तापली. पुढचं काय बोलले ते आठवत नाही.

त्या संध्याकाळी रोह्याहून निघालेल्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि पहिल्यांदा स्वतःला सरळ प्रश्न विचारला, की तू नक्की कशाला घाबरलीस? नागोठणं स्टेशन येईपर्यंत सबबी सापडत गेल्या. बाई म्हणून मला आधीच कमी लेखतात, एका चुकीवर खुर्ची जाईल, चाचा तर लवकरच रिटायर होणार. कासू गेलं तेव्हा सबबी संपल्या होत्या. उरलं ते एवढंच, की स्वतःला चुकताना बघायची मला सवयच नव्हती. मी ज्याला आत्मविश्वास समजत होते, तो फक्त न पकडलं जाण्याचा सराव होता.

सकाळी आधी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, लेबल खरवडल्याचंसुद्धा.

ते वैतागले. "मिटलंय ते. आता कशाला उकरून काढता?"

"चाचांचा मेमो रद्द करा. तो माझ्या नावाने काढा," मी म्हटलं.

मग लॅबमध्ये सगळ्यांसमोर तेच पुन्हा सांगितलं. मुलं खाली बघत राहिली. चाचांनी हातातला फ्लास्क पालथा ठेवला आणि हात पुसले.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "सिंकवर लावलंत तेव्हा ती बाटली मीच धुतली. लेबलचा कोपरा राहिला होता. तुमचं अक्षर मी नाय वळखणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर तुम्ही नाय म्हटलं असतं. मग दोघांना एका लॅबमध्ये कसं राहता आलं असतं?" मग म्हणाले, "मेमो जाईल, मॅडम. पण या पोरांनी माझं काम दुसऱ्यांदा तपासलं, ते नाय जायचं."



चाचा टेबलावर परत आले. मेमो माझ्या फाइलला लागला, आणि काही महिने साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलत. ते सोसवलं. सोसवतं, हे तेव्हा कळलं. परतीच्या गाडीत दिवस तपासून बघायची सवय मी ठेवली. आज कोणाच्या आड लपले, एवढाच प्रश्न. कधी उत्तर बरं नसतं, मग दुसऱ्या दिवशी जाऊन सांगावं लागतं. हळूहळू मुलं आपली चूक स्वतःहून माझ्याकडे आणू लागली. मागच्या वर्षी एकीने भरलेला नमुन्यांचा अख्खा ट्रे चुकला, तर ती पळत आली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून झालं." आम्ही दोघींनी बसून सगळा ट्रे पुन्हा केला.

चाचांच्या निरोपाला प्रत्येकाबद्दल ते दोन शब्द बोलले. माझ्यापाशी आले. मग म्हणाले, "मॅडमनी शेवटी खरं सांगितलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या वाक्यातला 'शेवटी' तेवढा ऐकू आला.