आणे घाटात निघालेलं चाक

हे मी बायकोलाबी सांगितलेलं न्हाई. सांगणार तरी कसं — दत्तू तिचाच सख्खा भाऊ.

माझं आण्याला पिकअपचं गॅरेज आहे. तुमाला वाटंल, चाक म्हंजी काय, काढलं नि बसवलं. तसं नसतंय राव. चाक ज्याच्यावर बसतं त्या हबला कुठल्या गाडीत पाच बोल्ट, कुठल्या गाडीत सहा. आन् दोन्हींकडं पाच असले तरी एकीचे एकमेकांपासून जरा लांब, दुसरीचे जरा जवळ. फरक नखाएवढा. नुसतं बघून कळत न्हाई, लावायला गेलं का कळतं.

दत्तू कांदा भरून आळेफाट्याला निघाला व्हता, शेजारी त्याची बायको, शोभावहिनी. गावातच मागच्या चाकाच्या डिस्कला, म्हंजी टायर बसतो त्या लोखंडाला, चीर गेली. स्टेपनी आधीच बाद. त्याच्या गाडीची डिस्क माझ्याकडं नव्हती. दुसऱ्या मॉडेलची एक जुनी पडून व्हती — भोकं पाचच, पण बसंना. तवाच म्हणायचं व्हतं ना, थांब, फाट्यावरून मागवतो? पण बाजाराचा दिवस, दारात माणसं उभी. आन् माझी शेखी — आपल्या दारातून गाडी कधी अडून राहिली न्हाई. डिस्क मागं नेली, गोल कानस घेतली आन् भोकं लांबट केली. मग बसली. नट आवळताना हाताला कळत व्हतं का ते नीट धरत न्हाईत. तरी म्हणलो, जा बिनधास्त. वर चाकाखाली लिंबूबी ठेवला.

घाट उतरताना चाक निघालं. गाडी कठड्यावर गेली. दत्तूला नुसतं खरचटलं. वहिनीचा पाय गेला, गुडघ्याखाली.

पण एवढंच असतं तर — न्हाई, सांगतो.

नवं चाक लावलं का थोडं चालवून नट पुन्हा आवळायचे, ही आमच्यातली रीत. गॅरेजवाल्यानं सांगायचं, डायवरनं करायचं. त्या दिवशी मी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात दत्तूनं इचारलं, "दाजी, चाक निघालं कसं?" सगळी माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हणलो, "तुला सांगितलं व्हतं ना, घाटाच्या तोंडाला उतरून नट आवळ म्हणून?"

तो आठवत बसला. लई वेळ. मग खाली बघून म्हणाला, "सांगितलं असंल दाजी. माझ्याच ध्यानातून गेलं."

ती डिस्क मीच जाऊन उचलली आन् भंगारात घातली. कुणी बघितली न्हाई.

त्यानं पुन्हा स्टेरिंग धरलं न्हाई. आता माझ्याच गॅरेजवर पंक्चर काढतो. मीच ठेवला त्याला. गाव म्हणतं, दाजीचं मन मोठं. भडव्या, कसलं मोठं — मीच मला म्हणतो, आतल्या आत.

गाडी निघाली का दत्तू डायवरच्या काचेपाशी जातो. सगळ्यांना तेच सांगतो. आज दुपारीबी सांगत व्हता, वहिनी कुबडी टेकून डबा घेऊन आली तवा.

"घाटाच्या तोंडाला उतरून नट आवळा भाऊ. मी इसरलो व्हतो."

वहिनी खाली बघत उभी राहिली. मी पाना पुसत व्हतो.