पारूमावशीच्या गालिच्यावरचा डाग

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, आजही नाही. तरी हे लिहितेय... खुशाल हसा, पण उत्तर सापडलं तर मला कळवा.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची गोष्ट. दौंडला आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ताईला बघायला तळेगाव ढमढेऱ्याहून पाहुणे येणार होते. आधीच्या दोन नकारांनी ताईनं जेवण टाकलं होतं, म्हणून या खेपेला आईनं शेजारच्या पारूमावशीचा बदामी गालिचा मागून आणला. मावशीनं आधीच बजावलं, "डाग पडला तर पाव्हण्यांम्होरं येऊन भांडीन, सांगून ठिवते." आणि ती नक्की भांडली असती.

पाहुणे यायच्या जरासं आधी आप्पांनी — म्हणजे वडिलांनी — खिशाला पेन शोभावं म्हणून त्यात शाई भरायला घेतली. दौत कलंडली. गालिच्यावर मोठा निळा डाग, कोयरीसारखा, टोक वळलेला! मी दूध ओतलं, लिंबू-मीठ चोळलं, खडूची पूड घातली. डाग तसाच, वर गालिच्याला आंबूस वास.

"कुनाला तरी त्याच्यावर बसवा आता," आप्पा म्हणाले.

नवरा मुलगा दारात दिसताच आई घाईनं म्हणाली, "या जावईबापू, हितं बसा!" अजून मुलगीसुद्धा दाखवली नव्हती... बिचारा लाजला आणि बरोब्बर डागावर बसला. तो उठायला लागला की आई आणखी पोहे वाढायची.

शेवटी उठलाच. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो.

"काय वं, पोराच्या मागं काय बघताय?" त्याच्या आत्यानं विचारलं.

"उंची," आप्पा म्हणाले.

डाग नव्हता! त्याची पांढरी पँटही कोरी. मी चाचपूनसुद्धा पाहिलं — गालिचा हो!

लग्न झालं. वर्षभरानं ताईला मुलगा झाला. न्हाऊ घालताना आईनं त्याला पालथं केलं आणि किंचाळली. ढुंगणावर निळा डाग... कोयरी, वळलेल्या टोकासकट. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ बाळांना असतो, आपोआप जातो. आई तरी लिंबू घेऊन निघालीच होती, कसंबसं आवरलं.

पुढं ताई-भावजी दौंडला आले असताना एका सकाळी डाग खरंच गेलेला दिसला. ताई आनंदानं रडली. त्याच दुपारी पारूमावशी काखेत गालिचा घेऊन दारात हजर! तिनं तो धाडकन उलगडला. मधोमध निळी कोयरी.

"पेटीतून काढला तर ह्यो डाग! तुमच्याबिगर कुनालाच दिला न्हाई म्या. पाव्हण्यांम्होरं भांडीन म्हणलं व्हतं न्हवं? हे बगा पाव्हणं!"

आईनं भावजींकडं पाहिलं. "जावईबापू," ती हळूच म्हणाली, "जरा हितं बसता का?"

ताईला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

"अजिबात बसायचं न्हाई!" ती आतून ओरडली.

मावशी यथेच्छ भांडली. भावजी, ती जाईपर्यंत, उभेच राहिले. भाची झाली ती स्वच्छ, अंगावर तीळसुद्धा नाही. आणि डाग शेवटपर्यंत गालिच्यावरच राहिला... का, ते मला अजून कळलेलं नाही.