चंपीची शागिर्दी

रंदा मारला का छिलपे पडतेत. झाडून काढा, सांजेले पुन्हा ढीग. आमच्या घरच्या गोष्टी तशाच आहेत पोरीहो. एक सांगाले बसली का दहा निंगतेत, अन् सून आतून ओरडते, "सासूबाई, भाजी करपली!" करपू दे. भाजी रोजच होते.

आमचं गाव आरमोरीपासून दीड कोसावर. तवा गडचिरोलीचा जिल्हा झाला नव्हता, सारा चांदाच होता. माहे सासरे वीना बनवत. भजनात गळ्यात धरतेत ना, ते वीना. शिवनीच्या लाकडाची दांडी, खाली वाळलेला भोपळा, वरून तारा. चिमूरपासून लोक घ्याले येत. मी त्यायले मामाजी म्हनो. म्हनो म्हंजे मनातल्या मनात! तवा सून सासऱ्याच्या समोर बसत नव्हती, बोलत नव्हती. ते ओसरीवर काम करत, मी आत चुलीपाशी, मधात बांबूची ताटी. त्या ताटीले मीनं एक बोटभर भोक पाडून ठेवलं होतं. हवा याले पाह्यजे ना!

मामाजीले पोरगा एकच, माहा नवरा. नाव घेत नाई मी. मामाजी त्याले गनप्या म्हनत, तेच चालवून घ्या. मामाजीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला होता, म्हनून गनप्याले लवकर शिकवाची घाई. अन् गनप्याच्या डोक्यात चोवीस तास नाटक!

*

पहिल्या दिवशी मामाजीनं त्याच्यासमोर दोन लाकडं ठेवली. एक चार वर्सं वाळलेलं, एक ओलं.

"ठोक. अन् सांग, कसा आवाज येते?"

गनप्यानं ठोकलं. कान लावला. डोळे मिटले. लय विचार केला.

"बाबा, लाकडासारखा येते."

"आता दुसरं ठोक."

"हे बी लाकडासारखंच!"

मामाजी उठले अन् त्याच्या डोक्यावर टिचकी मारली. "याचा आवाज आयक. वाळलेलं आहे, आतून पोकळ आहे. यंदा भोपळे कमी आलेत, हेच लावतो!"

*

वीना चिकटवाले सरस लागे. सरस म्हंजे चामडं उकळून केलेला डिंक. वास असा का सासू त्याले चुलीपाशी येऊ देत नव्हती. पन चिकटला का चिकटला.

हिवाळ्यात गावात दंडार व्हाची. नाच, गानी, सोंगं. बायाचं काम मानसंच करत. गनप्या राणी झाला होता, अन् नाचताना राणीचा अंबाडा दरवेळी खाली! मले म्हने, "काई तरी उपाय सांग व."

मीनं सहज म्हटलं, "सरस लावा. वीना निंगत नाई, तं अंबाडा काय निंगते!"

थट्टा होती हो! पन या भल्या मानसानं लावला!

सकाळी खळ्यावर धानाचं चुरनं चालू. बैलं गोल गोल फिरून राह्यले, अन् त्यायच्या मांगं धोतर नेसलेली राणी. वडशाकडं जानारा एक गाडीवाला थांबला. मांगून अंबाडाच दिसे ना त्याले.

"बाई, वडशाचा रस्ता कोन्ता?"

गनप्या गर्रकन फिरला. "दिसत नाई का? मिशी आहे मले!"

गाडीवाल्यानं हात जोडले. "माफ करा बाई!"

तीन दिवस सासू गरम पान्यानं त्याचं डोकं भिजवून राह्यली. "कोन्या मेल्यानं सांगितलं तुले हे?" मी चूल फुंकून राह्यली होती. डोळ्यातून पानी. धुरानं!

*

आता चंपीचं सांगतो. चंपी आमची बकरी. ओसरीच्या खांबाले बांधून राहे.

वीनेची तार घोडीवर, म्हंजे लाकडाच्या चपट्या तुकड्यावर टेकते, तिथी तिच्या खाली कोशाचा रेशमी धागा घालाव लागते. घोडी बरोबर घासली अन् धागा बरोबर बसला, तं वीना मधमाशीच्या पोळ्यावानी घुमते. नाई तं मुकी. त्याले जवारी म्हनतेत. बाकी सारं सुतारकाम. मामाजी म्हनत, "जवारी बाप लेकाले देते. बायाचं काम नाई ते." भोकातून आयकून माह्या अंगाचा भडका होये. मले तं ओलं लाकूड कोन्तं अन् वाळलं कोन्तं, चुलीपाशी बसूनच समजत होतं!

एक दिवस गनप्या घोडी वाकडी घासून नाटकाच्या तालमीले पळाला. मामाजी आंघोळीले. मी बाहेर आली, कानस घेतली, चार हात मारले, धागा सरकवला, अन् आत पळाली.

मामाजी आले. तार छेडली. पुन्हा छेडली. अंगठ्यानं घोडी चाचपली.

"गनप्याचा हात नाई हा."

ताटीकडं पाह्यलं. पन माह्याशी बोलतील कसे? मंग त्यायनं मान वळवली अन् चंपीले म्हटलं,

"चंपे, मांगून केसभर जास्त घासली गेली. अन् कानस आपल्याकडं ओढाव नाई. समोर ढकलाव."

बकरी पाला चघळून राह्यली. मी आत लाटनं घेऊन समोर ढकलून पाहून राह्यली.

त्या दिवसापासून चंपीची शाळा सुरू! मीनं तं दुसरीतच शाळा सोडली होती. चंपीनं नाई सोडली.

*

एकदा जंगलाचा गार्ड शिवनीची लाकडं पाहाले आला. पाहते तं मामाजी बकरीवर लाल!

"कितीकदा सांगू चंपे? हात जड आहे तुहा! कालचं बी इसरली का?"

गार्ड मांगच्या मांग सरकला. सासूले हळूच इचारलं, "मिस्त्रीची तब्येत बरी आहे ना?"

सासू तांदूळ पाखडत म्हने, "त्यायची चांगली आहे भाऊ. बकरीलेच समजत नाई!"

*

मामाजीची नजर अधू होत गेली. एक दिवस दुपारी अर्धा घंटा शिकवलं, तार किती तानाची, धागा कुठं थांबवाचा. शेवटी इचारलं, "समजलं का, चंपे?"

चंपी तवा वावरात चराले गेली होती! त्यायले दिसलंच नाई. आता उत्तर कोन देईन? माह्यानं राहावलं नाई. ताटीमांगून मीनं म्हटलं,

"में!"

मामाजी थांबले. हातातली कानस खाली ठेवली. मले वाटलं, आता माहेरी पाठवतेत.

"बेसूर आहे," म्हने, अन् तंबाखू मळाले लागले.

*

अन् मंग चिमूरकडचे बुवा आले. मोठे भजनी. मामाजीनं त्यायच्यासाठी वर्सभर खपून वीना केली होती, फक्त जवारी बाकी. बुवानं मामाजीचे डोळे पाह्यले अन् म्हटलं, "मिस्त्री, चार दिवसानं येतो. बोलली तं नेतो. नाई तं मी नागपुराहून घेतो, अन् तुम्ही आता हत्यारं ठेवून द्या."

बुवा गेले. मंग मामाजीनं वीना, कानस, धाग्याची गुंडी, सारं चाचपत चाचपत ताटीपाशी आनून ठेवलं.

"चंपे, मले आता दिसत नाई. तुह्यावर आहे."

त्या दिवशी मले हसू आलं नाई.

तीन दिवस मी घासून राह्यली. पाच धागे वाया गेले, साहावा बसला. मामाजीनं छेडून बी पाह्यलं नाई. मीनं वीना ताटीबाहेर सरकवली, त्यायनं तशीच कपड्यात गुंडाळली.

बुवा आले. तार छेडली. वीना अशी घुमली का खळ्यावरचे मानसं काम सोडून आले. बुवानं डोळे मिटले, ते उघडतच नव्हते.

"वा मिस्त्री! हात अजून तसाच आहे."

"हात माहा नाई."

"मंग पोराचा?"

गनप्या सरळ म्हने, "बुवा, मले तं साराच आवाज लाकडासारखा येते!"

"मंग कोनाचा?"

मामाजीनं आपल्या शेजारचा पाट चाचपला अन् समोर सरकवला.

"चंपे, इकडं ये. इथी बस."

बुवा खांबाकडं पाहे. चंपी मान खाली घालून पाला खाऊन राह्यली होती.

मीनं ताटी लोटली. पदर सावरला. ओसरीवर आली, अन् सासऱ्याच्या समोर पाटावर मांडी घालून बसली. दारात सासूनं तोंडाले पदर लावला.

बुवानं माह्याकडं पाह्यलं. बकरीकडं पाह्यलं. पुन्हा माह्याकडं.

"हे... चंपी का?"

मंग मीनंच म्हटलं,

"में!"

मामाजीनं कान लावून आयकलं.

"आता सुरात आहे."